परदेशीं शिकणाऱ्याचे दांत

गेल्या वर्षीं पावसाळ्याच्या अखेरीस चोपड्यांतील आमच्या परिचयाच्या एका घरांतून एक मुलगी पुढील शिक्षणासाठीं इंग्लंडास निघाली. घरांत आठ दिवस बांधाबांध चालली होती. गरम कपडे, कागदपत्रें, मसाल्याच्या पुड्या, कळण्याचें पीठ अशी एक लांबलचक यादी भिंतीवर लावलेली होती. आणि त्या यादीच्या अगदीं वर, कोणाच्याहि नजरेंतून सुटूं नये अशा ठळक अक्षरांत, ‘दांत’ एवढा एकच शब्द लिहिलेला होता. मीं चौकशी केली तेव्हां कळलें कीं, आधीं तिकडे गेलेल्या एका मैत्रिणीनें बजावून सांगितलें होतें: जी दाढ भरावयाची असेल ती भरून ये, जी काढावयाची असेल ती काढून ये, येथें दुखणें निघालें तर खर्चहि झेपणार नाहीं आणि लवकर कोणी हातहि लावणार नाहीं. मुलीची आजी ओसरीवर बसून हें सर्व ऐकत होती. तिला त्या यादीचें फारसें कौतुक नव्हतें. तिनें नातीला एवढेंच विचारलें, “तिकडचीं माणसें तोंड न धुतांच चहा घेतात म्हणे. तूं तसें करणार नाहींस ना?”

मैत्रिणीची चिंता दुखण्याची आणि पैशाची. आजीची चिंता शुचितेची. विद्यार्थी आपलें गांव सोडून दूर देशीं जातो तेव्हां या दोन्ही चिंता त्याच्या सामानांत असतात, आणि आजच असतात असें नाहीं. परदेशगमनाचा इतिहास आपण वाचतों तो पदव्यांचा, आगबोटींचा आणि ग्रंथांचा. विद्यार्थी तिकडे जाऊन सकाळीं उठल्यावर दांत कशानें घाशी, हा प्रश्न इतिहासकारांस किरकोळ वाटतो. पण ज्यांनीं स्वतः परदेशीं विद्यार्थिदशा काढली त्यांना तो तसा वाटलेला नाहीं. त्यांपैकीं दोघांनीं तर त्याची अगदीं तपशीलवार नोंद करून ठेविली आहे, आणि त्यांतला पहिला आपल्याच देशांत शिकावयास आलेला होता.

इत्सिंग नांवाचा हा चिनी भिक्षु इ. स. ६७१ मध्यें समुद्रमार्गें निघाला, ६७३ मध्यें बंगालच्या किनाऱ्यावर ताम्रलिप्तीस उतरला आणि पुढें सुमारें दहा वर्षें नालंदेच्या विहारांत राहून शिकला. मायदेशीं कायमचें परतण्यापूर्वीं त्यानें श्रीविजय राज्यांत, म्हणजे आजच्या सुमात्रा बेटांत, मुक्काम केला व तेथें बसून भारतांतील भिक्षूंच्या आचाराविषयीं एक वृत्तांत लिहिला. ६९२ मध्यें तो त्यानें चीनला धाडला. हा ग्रंथ हातीं घेणाऱ्यास वाटावें कीं, आतां शून्यवाद आणि विज्ञानवाद यांच्या गहन चर्चा येणार. प्रत्यक्षांत त्यांत जेवावयास कसें बसावें, पाणी कोणत्या भांड्यांत ठेवावें, स्नान केव्हां करावें, अशाच विषयांचीं प्रकरणें आहेत. आणि त्यांतलें एक सबंध प्रकरण दांत घासण्याच्या काडीवर आहे.

काडी फार तर बारा अंगुळें लांब असावी, आठांहून आखूड नसावी, जाडी करंगळीएवढी असावी. तिचें एक टोक सावकाश चावून मऊ करावें आणि त्या कुंच्यानें दांत चांगले घासावे. घासून झाल्यावर काडी चिरून, वांकवून तिनेंच जीभ खरडावी. नाहीं तर त्यासाठीं तांब्याची किंवा लोखंडाची पट्टी वापरावी. मग चूळ भरावी, काडी धुवावी आणि टाकून द्यावी. टाकण्यापूर्वीं चुटकी वाजवावी किंवा खांकरावें, म्हणजे जवळपास कोणी असेल तो बाजूस होईल. सकाळीं हा विधि होईपर्यंत कोणास वंदन करूं नये आणि कोणाचें वंदन घेऊंहि नये. चोपड्याच्या त्या आजीनें हें ऐकलें असतें तर, हा मनुष्य चीनचा कसा, आमच्याच आळींतला दिसतो, असें ती म्हणाली असती.

पण इत्सिंग नुसता नियम सांगून थांबत नाहीं. आपल्या देशांतले लोक या काडीला विलोची फांदी म्हणतात, तें चूक आहे असें तो स्पष्ट सांगतो. भारतांत विलोचें झाड क्वचितच आढळतें. नालंदेस बुद्धाच्या दंतकाष्ठापासून वाढलेलें म्हणून दाखविलें जाणारें झाड मीं स्वतः पाहिलें आहे, तें विलो नव्हे, असें तो लिहितो. हा शेरा कोणास लागतो हें आपण लक्षांत घ्यावें. त्याच्यापूर्वीं नालंदेस शिकून गेलेला ह्युएनत्संग, जो ६४१ च्या सुमारास दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यांत, आपल्या महाराष्ट्रांत आला होता आणि ज्यानें केलेलें एका डोंगरांतील विहाराचें वर्णन आमच्या खानदेशाच्या सीमेवरील अजिंठ्याचें मानतात, तोहि भारतीयांच्या स्वच्छतेची वाखाणणी करतांना जेवणानंतर ‘विलोच्या काडीनें’ दांत साफ करतात असेंच लिहून गेला होता. चीनमध्यें त्या काडीचें नांवच तसें रूढ झालें होतें. मागून गेलेल्या विद्यार्थ्यानें झाडाजवळ उभें राहून खात्री करून घेतली.

आपल्या देशबांधवांना त्यानें जो सल्ला दिला तो मला त्याच्या सर्व ग्रंथांत शहाणपणाचा वाटतो. नालंदेचें झाड चीनमध्यें मिळणार नाहीं. म्हणून तुम्ही डोंगरांत राहत असाल तर तेथील झाड घ्या, सपाटींत असाल तर तुती किंवा पीच यांची काडी करून ठेवा. तुरट, कडू, तिखट अशा रसाची, चावली असतां कुंच्यासारखी होणारी कोणतीहि काडी चालेल. शिवाय कांहीं लोक काडीचा रस औषध म्हणून गिळतात, तो त्यांचा भ्रम आहे असेंहि तो बजावतो. परदेशीं जाऊन आलेला मनुष्य बहुधा तिकडची वस्तु घेऊन येतो. यानें वस्तु तेथेंच ठेवली आणि तिच्यामागचें कारण तेवढें बरोबर नेलें. भारतांत दांतदुखी फार थोडी आढळते आणि तें या काडीचेंच फळ, असेंहि त्याचें निरीक्षण आहे. त्याच्या काळीं साखरेची आजच्यासारखी रेलचेल नव्हती, ही गोष्ट या श्रेयांत वांटेकरी धरावयास हवी.

हें शास्त्र इत्सिंगाला जेथून मिळालें त्याचें मूळ आपल्या वैद्यकांतहि आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानांत दंतकाष्ठाचें तेंच माप आढळतें: बारा अंगुळें लांब आणि करंगळीएवढें जाड. कडू रसांत निंब, तुरटांत खैर, गोडांत मोह आणि तिखटांत करंज हीं श्रेष्ठ, असा तेथील निवाडा आहे. चोपड्याच्या मनुष्यास हीं नांवें पुस्तकांत शोधावीं लागत नाहींत. गांवाच्या उत्तरेस थोड्याच कोसांवर सातपुड्याची रांग उभी आहे. तिच्या पायथ्याशीं हीं चारहि झाडें आहेत, आणि त्या डोंगरांतल्या पावरा-बारेला वस्त्यांना सुश्रुताचें नांव ठाऊक नसलें तरी कोणत्या काडीचा कुंचा चांगला होतो हें ठाऊक आहे. सपाटीवरच्या शेतकऱ्याची काडी बाभळीची. शेतावर जातां जातां ती मोडावयाची, नाल्यापर्यंत चावीत जावयाचें आणि तेथें चूळ भरून ती टाकून द्यावयाची.

टाकून द्यावयाची, हा शब्द महत्त्वाचा आहे. आपल्याकडे तोंडाला लागलेली वस्तु उष्टी होते. आज वापरलेली काडी उद्यां पुन्हां तोंडांत घालणें म्हणजे आपलेंच उष्टें आपण खाणें. पुढें दांतांचा कुंचला, म्हणजे आपला आजचा ब्रश, पूर्वेकडच्या लोकांना दिसला तेव्हां प्रथम हीच अडचण उभी राहिली, आणि तिची नोंद करणाराहि एक परदेशी विद्यार्थीच होता. दोगेन हा जपानी भिक्षु १२२३ मध्यें धर्माचें शिक्षण घेण्यासाठीं चीनमध्यें गेला. त्याची अपेक्षा होती कीं, तेथें दंतकाष्ठ दिसेल. पांचशें वर्षांत काळ पालटला होता. दंतकाष्ठ कोणाच्या गांवीं नव्हतें, आणि लोकांच्या तोंडाची दुर्गंधी दोन-तीन हातांवरूनहि सहन होत नव्हती, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. जे थोडे लोक दांत घाशीत ते बैलाच्या शिंगाच्या मुठीला घोड्याच्या शेपटीचे केस बसवून केलेला कुंचला वापरीत. ब्रशाची ही फार जुनी आणि विश्वसनीय अशी एक नोंद आहे. दोगेनला मात्र त्याची किळस आली. जनावराच्या केसांचें हें साधन अशुद्ध, भिक्षूनें तोंडांत घालण्यास अयोग्य, असें त्याचें मत पडलें. मायदेशीं परतल्यावर १२३९ मध्यें त्यानें मुखप्रक्षालनावर प्रवचन केलें आणि शिष्यांना जुन्या दंतकाष्ठाकडे वळविलें.

दोगेनचें चुकलें असें आज एखादा दंतवैद्य म्हणेल. मला तसें एका वाक्यांत म्हणवत नाहीं. त्यानें ज्या शंकेनें तो कुंचला दूर केला तीच शंका पुढें आपल्या लोकांनीं घेतली, आणि ती निराधार नव्हती. युरोपांत १७८० च्या सुमारास लंडनच्या विल्यम अ‍ॅडिसनें ब्रश मोठ्या प्रमाणावर करावयास आरंभ केला. त्या धंद्यांत मूठ हाडाची असे आणि केस डुकराचे. सायबेरिया आणि उत्तर चीन येथील थंडींत वाढलेल्या डुकराचे राठ केस उत्तम समजले जात. आतां विचार करा. मुंबईहून विलायतेस बॅरिस्टर व्हावयास निघालेला एकोणिसाव्या शतकांतला तरुण, हिंदु असो वा मुसलमान, त्याच्या हातीं ही वस्तु सकाळींच तोंडांत घालण्यासाठीं दिली जाते. गाईच्या हाडाची मूठ आणि डुकराचे केस! दोन्ही धर्मांना एकाच वेळीं दुखविणारी याहून सोयीची वस्तु शोधूनहि सांपडली नसती. त्यांतून ती रोज धुवून पुन्हां वापरावयाची. ब्रश नाकारणारा तो तरुण मागासलेला होता असें आपण सहज म्हणून जातों. पण त्याच्यापुढें दुसरें साधन कोणीं ठेविलें होतें? जो अडाणीपणा समजला जातो तो पुष्कळदां वस्तु करणाऱ्याचा संकुचितपणा असतो.

ही अडचण कोणत्याहि उपदेशकानें सोडविली नाहीं. ती एका कारखान्यानें सोडविली. अमेरिकेंत ड्यू पाँ कंपनीच्या नायलॉनच्या धाग्यांचा पहिला ब्रश १९३८ च्या फेब्रुवारींत विक्रीस आला, आणि डुकराच्या केसांचा प्रश्न हळूहळू आपोआप मिटला. उष्ट्याचा प्रश्नहि पुढें कोणी फारसा काढला नाहीं. कांहीं जुन्या घरांत ब्रश न्हाणीघराबाहेर देवघराच्या दिशेला ठेवूं देत नसत, एवढाच त्याचा अवशेष राहिला.

दरम्यान समुद्रापलीकडे जाणाऱ्याच्या तोंडावर समाजाचा पहारा होता, आणि हें मी केवळ अलंकारिक अर्थानें म्हणत नाहीं. परदेशगमनाबद्दल बहिष्कार पडे तो प्रवासामुळें जितका, तितकाच या भीतीमुळें कीं, परक्याच्या हातचें अन्न आणि पाणी याच्या तोंडांत गेलें असेल. आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलांत कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या. त्यापूर्वीं फेब्रुवारींत सेरामपूर येथें केलेल्या भाषणांत, मी हिंदु म्हणून जाईन आणि हिंदु म्हणूनच परत येईन, असें त्यांना जाहीरपणें सांगावें लागलें. त्या वेळीं त्यांचें वय अठरा वर्षांचेंहि नव्हतें. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून १८८६ मध्यें त्या डॉक्टर झाल्या, आणि १८८७ च्या फेब्रुवारींत पुण्यास क्षयानें त्यांचा अंत झाला. आपल्या खाण्यापिण्याच्या रीति परक्या थंड देशांत सांभाळीत राहण्याची जी ओढाताण आनंदीबाईंच्या वांट्यास आली, ती त्यांच्या सहाध्यायिनींपैकीं फार थोड्यांच्या वांट्यास आली असेल.

स्त्रियांच्या बाबतींत दांत ही तर उघडउघड सामाजिक खूण होती. जुन्या महाराष्ट्रांत सवाष्णी दांतवण लावून दांत काळे करीत. काळे दांत सौभाग्याचें लक्षण. विधवेनें तें लावावयाचें नाहीं. हिराकस आणि हिरडा यांसारख्या तुरट वस्तूंचा संयोग होऊन जो काळा रंग चढतो, त्याच जातीची शाई पूर्वीं आपण लिहावयास वापरीत होतों. गंमत अशी कीं, हीच रीत जपानांतहि होती, आणि तेथेंहि लोखंडाचें पाणी व मायफळासारख्या गांठींचें चूर्ण हींच द्रव्यें वापरीत. जपान सरकारनें १८७० मध्यें उमरावांना ही रीत बंद करावयास सांगितली. १८७१ च्या अखेरीस इवाकुरा यांच्या शिष्टमंडळाबरोबर पांच लहान मुली शिक्षणासाठीं अमेरिकेस रवाना झाल्या. आणि १८७३ मध्यें खुद्द सम्राज्ञी पांढऱ्या दांतांनीं लोकांसमोर आली. म्हणजे जेथें राज्यकर्त्यांनीं आधीं आपले दांत बदलले तेथें विद्यार्थिनींना तिकडे गेल्यावर लाजण्याचें कारण उरलें नाहीं. आमच्याकडे असें कोणी पुढें आलें नाहीं. ज्या घरांत पहिली मुलगी इंग्रजी शाळेंत गेली त्या घरांत तिनें आईच्या दांतांकडे पाहून मुकाट्यानें दांतवण सोडलें, आणि आईला त्याचें वाईट वाटलें असल्यास तें तिनें बोलून दाखविलें नाहीं.

आतां ज्याच्यामुळें भारतांत दंतवैद्यक हें एक विद्यापीठीय शास्त्र झालें त्या विद्यार्थ्याकडे वळूं. रफीउद्दीन अहमद यांचा जन्म १८९० मध्यें पूर्व बंगालांत झाला. अलिगडला शिकून ते १९०९ मध्यें अमेरिकेस गेले, आणि १९१५ मध्यें आयोवा विद्यापीठाची दंतवैद्यकाची पदवी घेऊन बॉस्टन येथील फोर्साइथ यांच्या बालदंतरुग्णालयांत त्यांनीं कांहीं वर्षें काम केलें. त्या काळीं इकडे दांत काढणें हें न्हाव्याचें, वैदूचें, नाहीं तर जत्रेंत चिमटा घेऊन बसणाऱ्याचें काम होतें. अशा देशांत परत येऊन १९२० मध्यें त्यांनीं कलकत्त्यास पहिलें दंतमहाविद्यालय काढलें. त्यासाठीं पैसा कोठून आणला? तर ‘न्यूयॉर्क सोडा फाउंटन’ नांवाचें सरबतें व थंड पेयें विकण्याचें दुकान चालवून! गोड पाण्याच्या नफ्यावर दंतवैद्यकाची शाळा चालावी, यांतला विनोद त्या गृहस्थांना कळला नसेल असें मला वाटत नाहीं. मुंबईस नायर रुग्णालयाचें दंतमहाविद्यालय १९३३ मध्यें निघालें, आणि दंतवैद्यांच्या नोंदणीचा कायदा १९४८ मध्यें झाला. आज धुळ्यास दंतमहाविद्यालय आहे. चोपड्याच्या मुलाला दंतवैद्य होण्यासाठीं आतां आयोवास जावें लागत नाहीं.

तरीहि आमच्या भागांतल्या तोंडांची खरी व्यथा निराळीच आहे. दांतवण गेलें, आणि त्याची जागा पुष्कळ घरांत मिश्रीनें घेतली. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजून, कुटून केलेली ती भुकटी. दांत घासण्याचें निमित्त, पण सवय तंबाखूची. सकाळीं एकदां लावणारी बाई पुढें दिवसांतून चार वेळां लावूं लागते. आणि ‘मी तंबाखू खातें’ असें ती कधींच म्हणत नाहीं, कारण तिच्या लेखीं ती तोंड धूत असते. दांतांच्या मंजनांत तंबाखू घालण्यास सरकारनें १९९२ मध्यें बंदी केली. गुटख्यावर महाराष्ट्रांत २०१२ मध्यें बंदी आली. कारखान्यांतल्या डब्यावर कायदा चालतो, घरच्या तव्यावर चालत नाहीं. हिरड्यांचा नाश आणि तोंडाचा कर्करोग हे तिचे परिणाम डॉक्टरांच्या रोजच्या पाहण्यांतले आहेत. गांवांतून जळगांव-पुण्यास आणि तेथून परदेशीं गेलेल्या ज्या विद्यार्थ्याला ही संवय लहानपणींच लागली असेल तो तिकडच्या दंतवैद्यासमोर तोंड उघडण्यास भितो; दुखण्यापेक्षां विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचीच त्याला भीति अधिक वाटते. इत्सिंगाच्या काडीनें दांत घासणाऱ्याला लाजण्यासारखें कांहीं नव्हतें. मिश्रीवाल्याला आहे, आणि तें त्याला ठाऊकहि आहे.

आजच्या विद्यार्थ्यापुढें पैशाचा प्रश्न पूर्वींच्याहून अवघड होऊन बसला आहे. इंग्लंडांत शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला प्रवेशपरवान्याबरोबर आरोग्याचा अधिभार भरावा लागतो. २०२४ च्या फेब्रुवारीपासून तो वर्षाला ७७६ पौंड झाला. तो भरल्यावर डॉक्टरकडे जाण्याचे पैसे पडत नाहींत, पण दांतांच्या उपचाराचे वेगळे पडतातच, आणि सरकारी योजनेखालीं नवा रोगी घेणारा दंतवैद्य सांपडणें हेंहि एक काम होऊन बसतें. अमेरिकेंत विद्यापीठाच्या आरोग्यविम्यांत मोठ्यांचे दांत बहुधा धरलेलेच नसतात. जर्मनींतील सार्वजनिक विम्यांत साधे उपचार बसतात. परिणाम असा कीं, आपले पुष्कळ विद्यार्थी दुखऱ्या दाढेवर लवंग ठेवून सुटीची वाट पाहतात, आणि घरीं आल्यावर पहिल्या आठवड्यांत दंतवैद्याकडे जातात. तोंवर जी कीड भरून भागली असती ती नसेपर्यंत पोंचलेली असते. त्यांतून तिकडच्या राहणींत पहांटेपर्यंत जागणें, मऊ पाव, गोड पेयें, घोट घोट चहा. भाकरी चावण्यानें जी थोडीबहुत घासणी होत असे तीहि बंद.

येथें आजीच्या बाजूनें आणि तिच्याविरुद्धहि एक एक गोष्ट सांगणें जरूर आहे. सकाळीं तोंड धुतल्यावांचून घांस घ्यावयाचा नाहीं ही आपली रीत उत्तम. जीभ खरडण्याची तर फारच उत्तम. पण रात्रीं निजण्यापूर्वीं दांत घासावे हें आपल्या जुन्या आचारांत ठळकपणें आलें नाहीं, कारण आपला सर्व विचार सकाळच्या शुचितेचा होता. झोपेंत तोंडांतली लाळ कमी होते, दांतांवर राहिलेल्या अन्नाचें आम्ल धुवून निघत नाहीं, आणि कीड आपलें काम करते ती याच वेळीं. शुचिता आणि आरोग्य हीं पुष्कळ अंतर बरोबर चाललीं, पण रात्रीच्या उंबरठ्यावर त्यांची वाट वेगळी झाली.

उलट दिशेनेंहि पाहावयास हवें. पुण्यासारख्या शहरीं अरबस्तानांतून आणि आफ्रिकेंतून पुष्कळ मुलें शिकावयास येतात. त्यांच्यापैकीं कांहीं पीलूच्या मुळीची काडी, म्हणजे मिस्वाक, बरोबर घेऊन येतात. इस्लाममध्यें तिला पैगंबरांच्या आचरणाचा आधार आहे. रमजानांत दिवसां दाढेवर उपचार केला तर रोजा मोडेल कीं काय, ही शंका त्यांच्या मनांत असते आणि ती ते सहसा बोलून दाखवीत नाहींत. दुसरी गोष्ट याहून नाजूक. हिरडीखालचें हाड झिजल्यास तें भरण्यासाठीं आज जीं द्रव्यें वापरतात त्यांपैकीं कांहीं गाईच्या हाडापासून आणि कांहीं डुकराच्या शरीरापासून केलेलीं असतात. ब्रशाचा जुना प्रश्न नायलॉननें मिटविला असें मीं मघां म्हटलें; तोच प्रश्न हिरडीच्या आंत जाऊन बसला आहे. दुसरीं द्रव्यें उपलब्ध आहेत. पण रोग्यानें विचारल्यावांचून किंवा वैद्यानें सांगितल्यावांचून तें कळावें कसें? नालंदेचा तो भिक्षु झाडाजवळ जाऊन पाहून आला, तशी चौकशी खुर्चीवर तोंड उघडून बसलेल्या परक्या मुलाला करतां येत नाहीं. ती वैद्यानेंच आधीं करावयास हवी.

चोपड्याची ती मुलगी यंदा दिवाळींत चार आठवड्यांसाठीं घरीं आली होती. जाण्यापूर्वीं भरलेल्या दोन दाढा शाबूत होत्या. तिकडे तिच्याबरोबर राहणाऱ्या, निरनिराळ्या देशांतून आलेल्या चार मुलींपैकीं दोघींनीं तिची जीभ खरडण्याची तांब्याची पट्टी पाहून, ही कोठें मिळते, असें विचारलें होतें; म्हणून परत जातांना नेण्यासाठीं तिनें बाजारांतून तशा तीन पट्ट्या आणविल्या. आजीनें तिसरी कोणासाठीं म्हणून विचारलें. नात म्हणाली, ती जपानची आहे, तिनें न विचारतांच घेतली आहे. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी त्यांच्याकडे गेलों तेव्हां नात परसांतल्या निंबाची काडी चावीत पायरीवर बसली होती, आणि चहा आंत झांकून ठेवलेला होता.